एका बॅटरीस दोन वाटा : सूर्याची वीज आणि बोर्डाची वीज

(जीर्णोद्धारानिमित्त सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, सभामंडपाची फरशी, नव्या पायऱ्या या गोष्टी चटकन डोळ्यांत भरतात. त्यांच्या देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ओवरीच्या कोपऱ्यात ठेवलेली बॅटरी, तिच्या वरच्या भिंतीला टांगलेली वीतभर पेटी आणि तिच्यात शिरणाऱ्या चार-सहा वायरी यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. लाईट गेली आणि कीर्तन तसेच चालू राहिले तर त्या पेटीची कोणास आठवण होत नाही. लाईट गेली आणि अंधार झाला, की मग सारा गाव तिच्याभोवती गोळा होतो. आजचा विषय ती पेटी हाच आहे.

सभामंडपाच्या स्लॅबवर 165 वॉटच्या दोन सोलर प्लेटा, खाली 12 व्होल्टची 150 अँपिअर-अवरची एक बॅटरी, एक इन्व्हर्टर आणि जोडीला बोर्डाची वीज, अशी मांडणी अलीकडे पुष्कळ देवळांतून दिसते. (बोर्डाचे 2005 साली विभाजन होऊन वीज पुरविण्याचे काम महावितरण कंपनीकडे गेले, तरी गावाच्या तोंडी अजून "बोर्डाची लाईट"च आहे, आणि येथेही तसेच म्हणणे सोयीचे.) प्रश्न असा की, एकच बॅटरी सूर्यानेही भरावयाची आणि बोर्डानेही भरावयाची, तर दोघांच्या वायरी नेमक्या कोठे जोडाव्यात? प्रश्न वरवर वायरमनचा दिसतो. पण उत्तर चुकले तर नुकसान देवाच्या पेटीचे होते आणि बोल विश्वस्तांना लागतो.

बोल कसा लागतो, ते पाहण्याजोगे आहे. कोणी श्रद्धेने प्लेटा देतो. नारळ फुटतो, फोटो निघतो. दोन महिन्यांनी वीजबिल येते ते पूर्वीइतकेच. मग पारावर बोलणे सुरू होते, "प्लेटा बसवल्या म्हणता, मग बिल तेवढेच कसे?" प्लेटा दुय्यम प्रतीच्या घेतल्या असतील इथपासून मध्ये कोणी पैसे खाल्ले असतील इथपर्यंत मजल जाते. खरे पाहता प्लेटा चांगल्या असतात, विश्वस्तही प्रामाणिक असतात. चूक असते ती जोडणीत. ती कशी, हे कळण्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

प्रकाशापासून वीज होते हे फ्रान्समध्ये बेकेरेल या शास्त्रज्ञाने 1839 साली पाहिले. शिशाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी त्याच देशात प्लांते याने 1859 साली केली. कामास येईल अशी सिलिकॉनची सौर चकती मात्र 1954 साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत तयार झाली. म्हणजे बॅटरी जुनी आणि प्लेट तिच्या मानाने कालची. असो.

12 व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात, प्रत्येक घर सुमारे 2 व्होल्टचे. पूर्ण भरून काही तास निवांत ठेवलेली बॅटरी 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखविते. निम्मी उतरली की 12.1-12.2 च्या आसपास येते. भरताना मात्र तिला जास्त दाब द्यावा लागतो, साधारण 14.4 व्होल्टपर्यंत, आणि भरल्यावर तो 13.6-13.8 वर आणून ठेवावा लागतो. (कंपनीच्या कागदावर निराळे आकडे असतील तर तेच प्रमाण मानावेत.) दाब कमी पडला तर बॅटरी अर्धपोटी राहते आणि तिच्या पट्ट्यांवर पांढरा थर धरतो, जास्त झाला तर आतले पाणी उकळल्यासारखे होऊन वायू सुटतो. हा दाब सांभाळणे हे भिंतीवरच्या पेटीचे काम. दुकानदार तिला चार्ज कंट्रोलर म्हणतात, नियामक म्हटले तरी चालेल. नियामकावर टोकांच्या तीन जोड्या असतात. एकीवर प्लेटचे चित्र, दुसरीवर बॅटरीचे, तिसरीवर बल्बचे.

आता खरी गोम येथे आहे. पुष्कळांना वाटते, भरणारा नियामक एकच आहे. तेव्हा प्लेट आणि बोर्डाचा चार्जर या दोहोंच्या वायरी एकत्र करून प्लेटच्या चित्राखाली खुपसाव्यात, पुढचे नियामक पाहील. दिसायला सरळ हिशेब. पण प्लेट आणि बोर्ड यांचा स्वभाव मुळातच वेगळा आहे. प्लेट म्हणजे विहिरीतला झरा. तोंड कितीही मोकळे केले तरी त्याच्या पोटात असेल तेवढेच पाणी येते. 165 वॉटच्या प्लेटची दोन टोके एकमेकांस जोडली तरी तिच्यातून नेहमीच्या 9 अँपिअरहून थोडाच जास्त प्रवाह निघतो. बोर्डाची वीज म्हणजे कालव्याचे पाणी; दार उघडाल तितके घुसेल. नियामक करणाऱ्याने तो झऱ्याच्या तोंडाशी बसेल अशा बेताने केलेला असतो. साधा नियामक, ज्याला पीडब्ल्यूएम म्हणतात, तो प्रवाह मोजून रोखीत नाही. तो केवळ एका सेकंदात अनेकदा वाट उघडतो आणि मिटतो. झऱ्याच्या पाण्यास तेवढे पुरते. तेथे बोर्डाचा जबर चार्जर जोडला तर आतील भाग तापून जळतात.

दुसरी एक जात आहे, तिचे वागणे आणखी निराळे. बॅटरी भरली की तो नियामक प्लेटची दोन टोके आतल्या आत एकमेकांस जोडून टाकतो. प्लेटचे त्यात काही बिघडत नाही, कारण ती झरा आहे. पण त्याच टोकांवर बोर्डाचा चार्जर असेल तर त्या चार्जरचे सरळ शॉर्टसर्किट झाले. शिवाय रात्री प्लेट अंधारात असताना चार्जरची वीज उलट तिच्यातच शिरण्याचा संभव राहतो. नियामकात उलटा प्रवाह अडविण्याची सोय असते ती बॅटरीच्या बाजूने. प्लेटच्याच टोकाला लावलेल्या चार्जरपुढे ती काय करणार!

म्हणून रीत अशी, की दोघांनी आपापल्या दाराने यावे आणि भेट व्हावी ती बॅटरीच्या टोकांवर. प्लेटची वीज नियामकातून बॅटरीकडे यावी. बोर्डाची 230 व्होल्टची, सेकंदाला 50 वेळा आवर्तने घेणारी वीज ट्रान्सफॉर्मर असलेल्या चार्जरमधून, किंवा इन्व्हर्टरच्या पोटातच चार्जर असतो त्यातून, सरळ बॅटरीवर यावी. दोन्ही वाटांवर बॅटरीच्या धन टोकाजवळ वेगवेगळा फ्यूज असावा. गच्चीवरच्या एका टाकीला विहिरीचा पाइप वेगळा आणि नळयोजनेचा पाइप वेगळा येतो, दोघांना आपापला बॉलकॉक असतो, तसेच हे आहे. इन्व्हर्टरही बॅटरीवरच जोडावा. नियामकाच्या बल्बच्या टोकांवर तो जोडल्यास सुरू होतानाचा त्याचा हिसका त्या बारीक टोकांना सोसत नाही.

दोघे एकत्र आले की बेरीज पाहावी लागते. शिशाच्या बॅटरीला तिच्या आकड्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रवाहाने भरू नये, म्हणजे 150 च्या बॅटरीला 30 अँपिअर. दोन प्लेटांचे भर दुपारी 18 अँपिअर. बोर्डाचा चार्जर 10 चा असेल तर 28 होतात, चालते. तोच 15 चा घेतला तर 33. चार्जर मोठा म्हणजे चांगला, हा दुकानातला समज येथे उपयोगाचा नाही.

आता बिलाचे कोडे. जोडणी वर सांगितल्याप्रमाणे बिनचूक झाली, तरी बिल उतरत नाही. कारण पुन्हा बॉलकॉकच. नळाचा बॉलकॉक उंच बांधला तर टाकी नळानेच काठोकाठ भरलेली राहते आणि विहिरीचे पाणी चढायला जागाच उरत नाही. बोर्डाची वीज असली की साधा इन्व्हर्टर देवळाचे दिवे बोर्डावर चालवितो आणि बॅटरीही बोर्डावर भरून ठेवतो. सकाळी ऊन येते, नियामक बॅटरीकडे पाहतो, ती भरलेली असते, तो वाट मिटून स्वस्थ बसतो. प्लेटा दिवसभर स्लॅबवर नुसत्या तापतात. यात फसवणूक कोणाचीच नाही. सूर्याला काम सांगितलेलेच नाही!

काम सांगण्याचा उपाय अवघड नाही. इन्व्हर्टरकडे जाणारी बोर्डाची वायर मध्ये तोडून तेथे बॅटरीचे व्होल्ट पाहणारा आपोआप चालणारा स्विच घालावा. बॅटरी 11.8 ते 12 व्होल्टच्या खाली गेली तरच त्याने बोर्ड जोडावा, आणि चांगली भरल्यावर सोडावा. जोडण्याचा आणि सोडण्याचा आकडा यांत पुरेसे अंतर ठेवावे, नाही तर स्विच क्षणोक्षणी टकटक करीत बसतो. बाजारात सूर्याला पहिला मान देणारे तयार सोलर इन्व्हर्टरही मिळतात. नवीनच घ्यावयाचा असेल तर तसाच घ्यावा. नुसते घड्याळ लावून दिवसा बोर्ड तोडण्याची स्वस्त युक्तीही काही ठिकाणी करतात. ती निभते, पण ढगाळ दिवशी बोर्डाची वीज दारात असूनही देवळात अंधार होतो, आणि मग लोक हसतात.

प्लेटा कितपत पुरतील याचाही हिशेब मांडून ठेवणे बरे. 9 वॉटचे दहा बल्ब आणि 60 वॉट ओढणारा ध्वनिक्षेपक मिळून 150 वॉट. भजन-कीर्तन आणि पहाटेचा काकडा धरून चार तास, म्हणजे 600 वॉट-तास. इन्व्हर्टरचे नुकसान धरून 700. बॅटरीतून सुमारे 58 अँपिअर-अवर गेले. ते भरून काढण्यास सुमारे 70 लागतात. कार्तिकातल्या निरभ्र दिवशी दोन प्लेटा पाच तासांच्या भर उन्हाइतके काम करून 90 च्या घरात देतात. तेव्हा काकड आरतीचा महिना निव्वळ सूर्यावर निघतो. आषाढ-श्रावणात मात्र हेच 30 वर येऊ शकते. ऊन कमी आणि भजने जास्त, असा तो काळ. उरलेले 40 बोर्डानेच द्यावयाचे, 10 च्या चार्जरने चार-पाच तासांत ते होतात. म्हणजे बोर्डाची जोडणी ही प्लेटांचा अपमान नव्हे. ती नसेल तर बॅटरी पावसाळाभर अर्धपोटी राहून पुढच्या वर्षी निकामी होईल. पंखे मात्र बॅटरीवर घेऊ नयेत. दोन पंखे 150 वॉटचे, म्हणजे वरचा सगळा हिशेब दुप्पट झाला.

देणगीदारांनी एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. मोठी प्लेट तेवढीच स्वस्त मिळते म्हणून पुष्कळ जण 330 वॉटची, घरांच्या छपरावर बसवितात ती 72 चकत्यांची प्लेट आणून देतात. भावना मोठी, पण ती प्लेट 37 व्होल्टच्या आसपास काम करते आणि प्रवाह देते 9 अँपिअरच. साधा पीडब्ल्यूएम नियामक तिला बॅटरीच्या 13 व्होल्टवर खाली ओढतो, आणि 330 मधले सुमारे 120 वॉटच पदरात पडतात. शिवाय रिकामी असताना ती 45 व्होल्टच्याही वर जाते. लहान नियामकाला तेवढे सोसेलच असे नाही. अशा प्लेटला एमपीपीटी जातीचा, तेवढे व्होल्ट झेपणारा नियामकच पाहिजे. तो महाग असतो. तेव्हा प्लेट देणाऱ्याने आधी नियामक कोणता आहे ते विचारून घ्यावे, किंवा दोन्ही मिळून द्यावे. 12 व्होल्टसाठी केलेल्या प्लेटला 36 चकत्या असतात, त्या मोजूनही पाहता येतात. (हल्ली चकत्या अर्ध्या कापून बसवितात, तेव्हा मोजणी दुप्पट येते, म्हणून मागच्या चिठ्ठीवरचे व्होल्ट वाचणे उत्तम.)

वायरीतही पैसा वाहून जातो. स्लॅबवरून ओवरीपर्यंत 10 मीटर अंतर धरले तर जाऊन-येऊन 20 मीटर तांब्याची तार झाली. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेत 18 अँपिअरला दीड व्होल्ट वाटेतच संपतो. 10 चौरस मिलिमीटरची घेतली तर सुमारे 0.6. या कामी बारीक वायर घेऊन वाचवलेला पैसा वाचलेला नसतो.

जोडताना क्रम चुकवू नये. नियामकाला आधी बॅटरी जोडावी, मग प्लेट. सोडताना उलट, आधी प्लेट सोडावी आणि बॅटरी शेवटी. बॅटरी नसताना प्लेटचे 21-22 व्होल्ट एकदम नियामकावर येतात, आणि काही नियामक 12 चे काम की 24 चे हे बॅटरीवरूनच ओळखतात; त्यांचा गोंधळ होतो. प्लेटच्या वायरीवर घरगुती स्विच लावू नये. सूर्याची वीज एकाच दिशेने वाहते, तिची ठिणगी साध्या स्विचमध्ये लवकर विझत नाही. त्यासाठी डी.सी.चा स्विच वेगळा मिळतो. बोर्डाच्या वायरी आणि बॅटरीच्या वायरी एकाच पाइपातून ओढू नयेत. हाताळणाऱ्याने हातातील कडे, अंगठी काढून ठेवावी. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना पडला तर शेकडो अँपिअर वाहून तो लाल होतो.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. देवळातली बॅटरी आणि दुकानातली बॅटरी यांत एक मोठा फरक आहे. देवळात ज्योत असते. भरत आलेल्या बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की ठिणगीसरशी स्फोट होऊ शकतो. दोन वाटांनी भरणाऱ्या बॅटरीत हा धोका अधिक, कारण एक वाट बिघडली तरी दुसरी भरीतच राहते. बॅटरी गाभाऱ्यालगतच्या बंद कोनाड्यात, समईच्या शेजारी, अगरबत्तीच्या खाली ठेवलेली कित्येक ठिकाणी आढळते, कारण तेथे ती नजरेआड राहते आणि चोरीची भीती नसते. हे कदापि करू नये. तिला जाळीची ओवरी द्यावी, आणि हवेची वाट छताजवळ ठेवावी, कारण हा वायू हलका असतो, वर चढतो. पाणी पाहण्यासाठी काडी ओढून उजेड करू नये. कापूर, निरांजन, उदबत्ती त्या ओवरीत नेऊ नये, मग तो दिवस दिवाळीच्या पाडव्याचा असो की यंत्रपूजेचा. दसऱ्याला बॅटरीची पूजा करावयाचीच असेल तर हळदकुंकू आणि फूल वाहावे, ओवाळणी दाराबाहेरून.

उन्हाळ्यात वैशाखाच्या दिवसांत, 40 अंशांच्या उष्म्यात, 14.4 चा दाब तीन-चार दशांश व्होल्टने कमी व्हावयास हवा. चांगला नियामक हे आपण होऊन करतो, पण बोर्डाचा जुना चार्जर करीलच असे नाही. दोहोंपैकी एकाने जरी जास्त दाब धरून ठेवला तरी पाणी आटते. म्हणून उन्हाळ्यात पाणी महिन्यातून दोनदा पाहावे. डिस्टिल्ड वॉटरच घालावे. विहिरीचे नको, नळाचे नको. ॲसिड तर मुळीच घालू नये.

कचेरीत एका कारकुनाकडून दुसऱ्याकडे काम जाते तेव्हा चार्ज दिला-घेतला असे म्हणतात, आणि त्याची यादी करून दोघांच्या सह्या घेतात. बॅटरीच्या चार्जचेही तसेच करावे. किल्ली एका माणसाकडे असावी आणि एक साधी वही असावी. तारीख, सकाळचे व्होल्ट, संध्याकाळचे व्होल्ट, पाणी घातल्याचा दिवस, बिलाचे युनिट. पुजारी बदलले, विश्वस्त बदलले, तरी वही राहते. आणि पारावर पुन्हा प्रश्न निघाला तर उत्तर वहीतून देता येते. भिंतीवर नियामकाशेजारी जोडणीचा कागद चौकटीत लावून ठेवावा, कोणती वायर कोठून कोठे जाते ते लाल-काळ्या रेघांनी दाखवून. बाहेरगावचा वायरमन घाईत आला तर त्याच्या हातून प्लेटच्या टोकांवर चार्जर जाणार नाही.

हरिनाम सप्ताहाच्या आठ दिवस आधी एक परीक्षा घ्यावी. सायंकाळी सहा वाजता बोर्डाचा मेन स्विच मुद्दाम उतरवावा आणि काकड्याची आरती होईपर्यंत चढवू नये. दिवे, ध्वनिक्षेपक नेहमीप्रमाणे चालवावेत. रात्री दहा वाजता व्होल्ट लिहावेत, पहाटे पुन्हा लिहावेत. पहाटेचा आकडा 12 च्या वर असेल तर काळजी नाही. खाली गेला असेल तर टोकांवरचा पांढरा कीट घासून काढण्यास, सहाही घरे हायड्रोमीटरने तपासण्यास आणि एखादे घर गेले असेल तर तालुक्याहून दुसरी बॅटरी आणण्यास आठ दिवस पुरतात.